गारमाळावरच्या दोन जागा

अमृतच्या वर्षश्राद्धाला चार दिवस उरले होते आणि स्नेहल फोन उचलत नव्हती, म्हणून रविवारी सकाळी मी तिला आणायला निघाले. सोबत फार काही घेतलं नव्हतं. पाण्याच्या दोन बाटल्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तिचा धुतलेला एक ड्रेस. संध्याकाळच्या गाडीने दोघींनी परत यायचं, एवढाच बेत होता.

आधी आम्ही कोण ते सांगते. मी पारनेरला कॉलेजात ग्रंथपाल आहे. अमृत माझा एकुलता एक मुलगा. तो नववीत असताना त्याचे वडील गेले. स्नेहल माझी सून. दोघं पुण्याला पुरातत्त्व शिकायला होते, तिथेच त्यांचं जमलं. मागच्या वर्षी मे महिन्यात सुप्याकडून येताना अमृतची मोटरसायकल एका वळणावर घसरली. तीस वर्षांचा होता. त्यानंतर घरात आम्ही दोघीच राहिलो. तिच्या माहेरची माणसं तिला न्यायला आली, तेव्हा ती म्हणाली, “आईंना सोडून कुठे जाऊ?” मी स्वयंपाकघरात होते. मला ऐकू आलं, पण ऐकू आलं असं मी तिला कधी सांगितलं नाही.

गारमाळ त्या दोघांनीच शोधलेला. पारनेरच्या पश्चिमेला, डोंगर चढून गेल्यावर काळ्या खडकाचं एक सपाट पठार आहे. माती जेमतेम बोटभर. झाड नाही. त्या खडकात चकमकीचे दगड सापडतात, मधाच्या रंगाचे, काही दुधासारखे. फार पूर्वी, शेती नव्हती, भांडी नव्हती तेव्हा माणसं तिथे बसून ते दगड फोडायची आणि त्यांची बारीक पाती करायची. पाती घेऊन गेली, कपच्या तिथेच राहिल्या. हजारो वर्षं त्या कपच्यांना कुणी हात लावला नव्हता. फेब्रुवारीत स्नेहल पुण्याचे विद्यार्थी घेऊन तिथे गेली, दोऱ्या बांधून चौकोन आखले, एकेक कपची उचलून पाकिटात भरली. मार्चअखेर विद्यार्थी परत गेले. स्नेहल राहिली. “दोनच चौकोन उरलेत, आई,” असं ती एप्रिलभर सांगत होती.

पायथ्याच्या वाडीत ती लंकाबाईंच्या घरी राहायची. लंकाबाई साठीच्या, माती चाळायच्या कामावर सगळ्यांत जुन्या. मी पोचले तेव्हा त्या अंगणात बसून शेळीला पाला टाकत होत्या.

“आलात ताई? बरं केलं,” त्या म्हणाल्या. “म्याडमला घिऊन जावा. कपच्या येचून येचून पोरगी सोताच कपची झाली. उजेडाकडं धरली तर आरपार दिसंल.”

मी हसले. त्या हसल्या नाहीत. आत जाऊन त्यांनी ताकाचा तांब्या आणला.

“तुम्ही नाही जात आता कामाला?”

“म्हैना झाला सोडलं. म्हनलं, सकाळच्याला येते, दुपारचं न्हाई थांबायची. म्याडम म्हनती, दुपारीच तर काम हाय.” त्यांनी शेळीपुढे आणखी पाला टाकला. “बाराला समदं माळ सोडत्यात, ताई. धनगरं बी शेरडं खाली आनत्यात. घड्याळातलं बारा न्हवं. सावली पायाखाली जाती ना, तवा. आन् ही तवाच बसती.”

“बसते म्हणजे?”

“बसती. नीट मांडून बसती. तुमीच बगा.”

ताक पिऊन मी उठले. मी बसले होते तिथे, पायरीजवळच्या मातीवर, लंकाबाईंनी मुठीएवढा एक दगड आणून ठेवला. इतक्या सवयीने, की मला वाटलं शेळीसाठी खुंटा ठोकायचा असेल. मी विचारलं.

“आमच्यात रीत हाय. माळाच्या अंगाला कुटं बी बसलं आन् उठलं, का जागी दगुड ठिवायचा. जागा मोकळी सोडायची न्हाई.”

“का बरं?”

“आता ते मला काय ठाव. सासूनं सांगितलं, मी करते. तिला तिच्या सासूनं सांगितलं असंल.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “माळावर असले दगुड लई हुते. एकेक सुटा, नीट बसवल्याला. म्याडमच्या पोरांनी येका दिसात गोळा केले आन् कडंला ढीग घातला. म्हनली, हे नंतरचे हायेत, आपल्या कामाचे न्हाईत. म्या सांगितलं हुतं. हसली सगळी.”

वर चढायला मला पाऊण तास लागला. ऊन कपाळावर दाबल्यासारखं लागत होतं. वर आल्यावर पहिल्यांदा वारा थांबल्याचं जाणवलं. डोंगरमाथ्यावर वारा असतोच, पण इथे नव्हता. पठार दूरवर पसरलेलं, काळं, आणि त्यावर कपच्या चमकत होत्या, काच फुटल्यासारख्या. पांढऱ्या दोऱ्यांचे चौकोन, एक निळी ताडपत्री चार काठ्यांवर ताणलेली. कडेला सुट्या दगडांचा कमरेएवढा ढीग. ताडपत्रीखाली स्नेहल बसली होती.

मला बघून ती धावत आली. मी घाबरत होते ती कुठल्या अवस्थेत असेल म्हणून, पण ती आनंदात होती. गालाची हाडं वर आलेली, ओठ फुटलेले, पण डोळे लग्नात होते तसे. तिने माझ्या हातातली पिशवी घेतली.

“आई, तुम्ही कशाला चढलात एवढं? मी येणारच होते.”

“कधी?”

ती नुसती हसली. दशमी तिने दोन घास खाल्ली आणि बाकीची गुंडाळून ठेवली.

“गुरुवारी श्राद्ध आहे, स्नेहल. भटजींना सांगितलंय. तू आज माझ्याबरोबर चल.”

ती उठली. माझा हात धरून मला एका चौकोनाजवळ नेलं. “हे बघा आधी.”

तिथे कपच्यांचा दाट सडा होता. आणि त्या सड्यात दोन जागा कोऱ्या होत्या. बूड टेकल्याची गोल जागा आणि तिथून पुढे गेलेली एका पायाची पट्टी. तशीच दुसरी, तिच्या समोर. म्हणजे दोघं समोरासमोर बसलेले, एकेक पाय पसरून, पाऊल पावलापाशी. कपच्या त्यांच्या मांड्यांवर, पायांवर पडल्या, बाकीच्या भोवती पडल्या. ते उठून गेले आणि त्यांच्या आकाराची रिकामी जमीन राहिली.

“इतकं स्पष्ट मी कुठेच बघितलं नाही,” ती म्हणाली. “अमृतला दाखवायला हवं होतं, असं पहिल्या दिवशी वाटलं. रडले मी. इथे मध्ये एक दगड होता, मोठा. मीच उचलून बाजूला ठेवला.”

“दोन्हीत होता?”

“नाही. या एकातच.” तिने पलीकडची जागा दाखवली. मग ती ताडपत्रीखालून दोन पाकिटं घेऊन आली. एकावर फेब्रुवारीची तारीख होती, दुसऱ्यावर गेल्या आठवड्याची. दोन्हींतली एकेक कपची तिने माझ्या तळहातावर ठेवली.

मला दगडातलं काही कळत नाही. पण आयुष्यभर पुस्तकं हाताळली आहेत, दोन प्रती एकसारख्या आहेत की नाहीत ते मला कळतं. त्या दोन्ही एकच होत्या. तीच लांबी, कडेला तीच खाच, पोटात तीच तांबूस रेघ. फरक इतकाच, की जुनी गुळगुळीत आणि मळकी होती आणि नव्या कपचीच्या धारेवर अजून पांढरी पूड होती. माझ्या अंगठ्याला ती लागली आणि रक्त आलं.

“असं होऊ शकत नाही,” स्नेहल म्हणाली. ती हे अगदी शांतपणे बोलत होती. “एकच माणूस एका दगडाच्या दोन सारख्या कपच्या काढू शकत नाही. मी तीनशे चौदा पाकिटं भरली, आई. एकशे नऊ परत आल्यात. त्याच क्रमाने. मी एक उचलली, की दुसऱ्या दिवशी तिथे नवी पडलेली असते. आपण घेऊन गेलो ते त्याला पुन्हा करावं लागतं.”

“कुणाला?”

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हिने ते नाव घेऊ नये.

“चुरा बघा कुठे जास्त पडलाय. डाव्या बाजूला. डावखुरा आहे तो.”

अमृत डावखुरा होता. पहिलीत गुरुजींनी पट्टीने मारून बघितलं होतं, सवय गेली नाही.

“स्नेहल, डावखुरी माणसं खूप असतात.”

“मलाही आधी तसंच वाटलं. मग मी समोर बसायला लागले. बघत नाही मी. मान खाली घालून बसते. तो काम करतो. मध्येच थांबतो, मी काही बोलले तर. मी त्याला सगळं सांगते, तुमचं गुडघ्याचं दुखणं, कॉलेजातलं, सगळं. तो ऐकतो, आई. अमृत असाच ऐकायचा, हातातलं काम थांबवून.” तिने माझ्या अंगठ्यावरचं रक्त आपल्या ओढणीने पुसलं. “श्राद्ध गेलेल्याचं करतात ना.”

तुम्हाला वाटेल मी तिला तिथेच ओढत खाली न्यायला हवं होतं. मलाही आज तसंच वाटतं. पण वर्षभर मी त्याच्या खोलीचं दार दिवसातून एकदा उघडून बंद करत होते. खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही ते खरं असावंसं वाटलं. आणि त्याच वेळी भीतीही वाटत होती, की खरं असलं काय किंवा नसलं काय, ही पोरगी आता इथून उठणार नाही. तिच्या मनगटाची हाडं मला दिसत होती. पावसाळ्यापर्यंत ती या खडकावर अशीच बसून राहिली, तर मी कुणाला आणायला येणार होते?

“आज मी बसते,” मी म्हणाले.

“आई...”

“माझा मुलगा आहे ना तो? मग मी बसते. मला पटलं, तर श्राद्ध रद्द. नाही पटलं, तर तू आज माझ्याबरोबर घरी यायचं. कबूल?”

तिने मान डोलावली. तिला खात्री होती. त्या खात्रीचीच मला जास्त भीती वाटली.

आम्ही वाट बघत बसलो. तिने मोजमापासाठी जमिनीत एक काठी रोवली होती, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची. मे महिन्याच्या मध्यात आमच्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येतो. काठीची सावली आखडत आखडत वीतभर झाली, मग बोटभर. बारा वाजून गेले. कुठेतरी खाली तितर ओरडत होता तो गप्प झाला. साडेबाराच्या आसपास काठीला सावली उरली नाही. मी खाली बघितलं. माझी सावली माझ्या पायाखाली होती, स्नेहलची तिच्या. सगळं पठार सपाट दिसायला लागलं, चित्र काढल्यासारखं, खोली नसलेलं.

तेव्हा आवाज आला.

टक्.

अगदी लहान. सुपारी फोडावी तसा. मग काहीच नाही. मग पुन्हा. टक्... टक्. आणि काहीतरी बारीक पडल्याचा काचेसारखा नाद. मला वाटलं होतं आवाज कुठून येतोय ते कळणार नाही, कानाचा भास म्हणता येईल. तसं झालं नाही. तो पलीकडच्या जागेतून येत होता, जमिनीपासून वीतभर उंचीवरून, जिथे बसलेल्या माणसाची मांडी असते. आणि वास. लहानपणी आम्ही गारगोट्या घासायचो तेव्हा यायचा तो, जळक्या केसांसारखा.

“जा,” स्नेहल माझ्या कानाशी म्हणाली. “कपच्यांवर पाय देऊ नका. डावीकडून पायवाट ठेवलीये.”

मी गेले. अलीकडच्या कोऱ्या जागेत बसले, तिने सांगितलं होतं तसा एक पाय पसरून. खडक तव्यासारखा तापलेला असणार असं वाटलं होतं. तो कोमट होता. कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखा.

आवाज थांबला.

माझी मान खाली होती. मला फक्त माझा पाय दिसत होता, आणि त्याच्या पुढे, समोरच्या पट्टीचं टोक. तिथली जमीन रिकामी होती. पण रिकाम्या खुर्चीसमोर बसणं वेगळं आणि हे वेगळं. माझ्या तळव्याला समोरून ऊब लागत होती. कुणीतरी माझ्याकडे बघत होतं. घाईने नाही. दारात अनोळखी माणूस आल्यावर बघतात तसं.

“अमृत...” मी म्हणाले.

काही नाही.

“बाळा, मी आहे.”

मी थांबले. किती वेळ ते सांगता येणार नाही. मला त्याच्या जन्माच्या वेळचं आठवत होतं, नगरच्या दवाखान्यात तो पहिल्यांदा रडायचा थांबला तो माझा आवाज ऐकून. नर्स म्हणाली होती, ओळखलं बघा. मी त्याची वाट बघत होते. नुसता एक टक् झाला असता, तरी मी पुढचं आयुष्य त्या खडकावर काढलं असतं. आज हे लिहिताना मला माझीच लाज वाटते, पण तसं होतं.

मग समोर हालचाल झाली. दिसली नाही, ऐकू आली. आधी कपच्यांवर हात टेकल्याचा आवाज. मग गुडघा. फार वेळ बसलेलं जड अंग उठतं तसं, सावकाश, टप्प्याटप्प्याने. समोरच्या चार कपच्या जमिनीत दबल्या. मग त्यांच्या पलीकडच्या. पावलं माझ्याकडे येत नव्हती. ती माझ्या उजव्या अंगाने, अंतर ठेवून, वाटेत बसलेल्या परक्या बाईला वळसा घालावा तशी निघाली होती. चर्... चर्... माझा पदर हलला. वारा नव्हता.

पावलं माझ्यामागे गेली. माझ्यामागे स्नेहल उभी होती.

अमृत असता, तर माझ्यासमोरून असा उठून गेला नसता.

हे मला इतकं लख्ख कळलं, की भीतीसुद्धा मागाहून आली. मी वळले. स्नेहल ताडपत्रीच्या कडेला उभी होती, हात थोडे पुढे, चेहऱ्यावर तेच हसू. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या आणि तिच्या मधल्या जागेकडे बघत होती. ती तिच्या उंचीपेक्षा बरंच वर बघत होती, मान मागे टाकून. अमृत तिच्याएवढाच होता.

मी उठले. पायवाट वगैरे काही बघितलं नाही. कडेच्या ढिगातून पहिला हाताला आला तो दगड उचलला, धावत गेले आणि पलीकडच्या जागेत बरोबर मध्ये ठेवला. दुसरा मी बसले होते तिथे ठेवला. लंकाबाईंची रीत मला त्या वेळी आठवली, आणि आठवली याचं मला बरं वाटलं. जागा मोकळी सोडायची नाही. दगड ठेवल्यावर खरोखरच सगळं शांत झालं. वास गेला. काठीच्या बुडाशी सावलीची बारीक रेघ दिसायला लागली. खाली तितर पुन्हा ओरडला.

“तो अमृत नाही,” मी स्नेहलला म्हणाले. “तुला कळलं ना? त्याने मला ओळखलं नाही.”

“हो,” ती म्हणाली.

“चल मग.”

“चला.”

इतकंच. मला वाटलं होतं ती रडेल, भांडेल, एक दिवस मागेल. तिने पाकिटांची पेटीही घेतली नाही. माझा हात धरून ती माझ्या पुढे उतरायला लागली, निसरड्या जागी मला सांभाळत. मी मागे वळून दोनदा पाहिलं. ढीग, दोऱ्या, ताडपत्री. दोन दगड. दुसरं काही नाही.

वाडीत स्नेहल आपलं सामान भरायला खोलीत गेली. मी लंकाबाईंना दाराशी गाठून सगळं सांगितलं. ऐकून त्या म्हणाल्या, “दगुड ठिवला? नीट?”

“ठेवला. दोन्ही जागी.”

“त्यो बसल्याला असताना ठिवला, का उठल्यावर?”

“उठल्यावर. तो उठून स्नेहलकडे...”

लंकाबाई उंबऱ्याच्या आत एक पाऊल मागे झाल्या. मला आठवतं, त्यांचा आवाज अजिबात चढला नाही. पाहुण्याची झोपायची सोय विचारावी तशा विचारत होत्या.

“मग आता त्यो बसंल कुटं?”

खोलीतून स्नेहल बॅग घेऊन बाहेर आली. “निघायचं का, आई?” लंकाबाईंनी तिला जा म्हटलं, नीट जा म्हटलं, पण त्या बाहेर आल्या नाहीत. आम्ही रस्त्याला लागलो तेव्हा दाराला आतून कडी लागल्याचा आवाज आला. दुपारचे तीन वाजले होते.

गुरुवारी श्राद्ध झालं. स्नेहलने स्वयंपाक केला, पानं वाढली, भटजींना नमस्कार केला. त्या रात्री ती सलग नऊ तास झोपली. मी तिच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. काही झालं नाही. पंधरा दिवसांत तिच्या गालावर मांस आलं. जूनपासून तिला माझ्याच कॉलेजात शिकवायचं काम मिळालं. गारमाळाचं नाव ती काढत नाही. पाकिटांची पेटी विद्यार्थ्यांनी जाऊन आणली आणि पुण्याला पोचवली. शेजारच्या रेश्मावहिनी परवा म्हणाल्या, “स्नेहल आता पहिल्यासारखी हसते हो, तुम्ही तिला सावरलंत.” मी हो म्हणाले. ती हसते हे खरं आहे. कधी कधी एकटीच हसते, पण ते मोबाईलवर काही बघून असेल.

काल रविवार होता. दुपारी मी झोपून उठले, दोघींचा चहा केला आणि व्हरांड्यात घेऊन गेले. स्नेहल भिंतीला टेकून मेथी निवडत बसली होती. आमचा व्हरांडा अरुंद आहे. तिच्यासमोर उन्हाची एक पट्टी होती, बाकी फरशी रिकामी. मी दारातून तिच्याकडे जायला पाऊल उचललं.

“इकडून नको, आई,” ती म्हणाली. मान वर न करता, मेथीची काडी मोडता मोडता, अगदी सहज. कुणी पाय पसरून बसलं असलं आणि ते ओलांडावे लागू नयेत म्हणून आपण घरात एकमेकांना सांगतो, तसं. “जरा मागून येता का?”

मी फरशीकडे बघितलं. मग तिच्याकडे. तिने मेथीची जुडी जराशी बाजूला ओढून घेतली, जागा करून दिल्यासारखी.

दोन्ही कप हातात घेऊन मी परत फिरले, स्वयंपाकघरातून मागच्या दाराने बाहेर पडले आणि घराला वळसा घालून पलीकडच्या बाजूने तिच्याजवळ गेले.